वळणावरून दिसणारं स्टेशन

११ जानेवारी

मुंगे,

मायना गाळतो आहे, तो तू मनातल्या मनात भर. एक काम सांगायचं आहे आणि नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

जेवणाच्या टेबलावर मी काय मांडून ठेवलंय ते तुला ठाऊक आहे. आमची छोटी गाडी. नवा मास्तर म्हणून शाळेत लागलो तेव्हा रोज जिने जायचो ती. तिच्या वाटेवरच्या एका स्टेशनवर दुसरे मास्तर होते, स्टेशनचे. त्यांची मुलगी सध्या माझ्यासमोर ताट मांडीवर घेऊन जेवते आहे आणि टेबल कधी मोकळं होणार, असं भिंतीला विचारते आहे. ते रूळ उखडून नेले त्यालाही आता तुझ्या वयाहून जास्त काळ झाला.

डोंगर झाला, पूल झाला, इंजीन दोन डबे घेऊन धावतं. राहिलंय ते स्टेशन. गाडी नुसती गोल फिरते, थांबायला जागा नाही. बारीक काम आता माझ्याच्याने होत नाही. डोळ्यांचं जरा किरकोळ निघालंय, चष्मा बदलला की भागेल. तू दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, तुला दारं-खिडक्या जड जाऊ नयेत.

सोबत इमारतीचा नकाशा आहे, मापं फुटांत. लांबी छत्तीस फूट, भिंती दगडी, वर कौलं. शेजारी मालधक्का आणि पाण्याची टाकी. किती लहान करायचं ते सांगत नाही. सोबत जे पाठवतोय त्यावरून तुला काढता येईल. एवढी वर्षं पत्राने गणितं घातली ती काही उगाच नाही.

लवकर कर.

मामा

---

१९ जानेवारी

प्रिय मामा,

तुमचं पाकीट उघडण्याआधी हात धुऊन आले, लहानपणी धरणाच्या वसाहतीत धुवायचे तसे. बाकीच्या मुलांना शाळा असते हे मला बरंच उशिरा कळलं. माझी शाळा म्हणजे आई ओट्यापाशी उभी राहून वाचून दाखवायची ते, आणि तुमची ही पाकिटं. हिरव्या पेन्सिलीच्या खुणांना मी अजून घाबरते. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई हिरव्या पेनने सही करतात, तर त्यांची सही होईपर्यंत मी दाराशी जाऊन उभी राहते. त्यांना वाटतं मला चहाची घाई आहे.

पाकिटात रुळाचा तुकडा मिळाला. आधी वाटलं, मोडका पाठवलात की काय. मग लक्षात आलं, हेच ते गणित. माप काढलं आहे. तुमच्या दोन रुळांमधली रुंदी मोजणं सोपं होतं, खऱ्या रुळांमधली मोजायला मात्र मी इथल्या फाटकापाशी टेप घेऊन गेले. पुस्तकात मिळाली असती, पण पुस्तकात छपाईची चूक असली तर? फाटकवाल्याने विचारलं, "काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही, मोजतेय." तो म्हणाला, "आहेत तेवढेच आहेत, आम्ही कमी केलेले नाहीत."

उत्तर इथे लिहीत नाही. उत्तर आधी सांगणाऱ्याला तुम्ही अर्धेच गुण द्यायचात.

दोन शंका. दगड एकसारखे कापलेले होते की ओबडधोबड? आणि दारं आत उघडायची की बाहेर? भिंती मी दातांच्या प्लास्टरच्या ओतणार आहे, ते पक्कं होतं आणि मेण कोरायच्या सुरीने त्यावर दगडाचे सांधे छान उठतात. काल एक भिंत करून पाहिली. सगळं स्टेशन तळहातावर मावेल आणि बोटं मोकळी राहतील.

डोळ्यांचं किरकोळ म्हणजे किती किरकोळ?

मुंगी

---

२८ जानेवारी

बाळ,

तुझं पत्र मीच यांना वाचून दाखवलं. "तळहातावर मावेल" यावर खूश झाले. म्हणाले, पोरगी आत्मविश्वासाने लिहायला लागली.

दगड ओबडधोबड होते. दारं आत उघडायची, कारण बाहेर उघडली की फलाटावरच्या माणसाला लागायची. हे विचारायला तू यांना कशाला पत्र लिहितेस, त्या घरात मी वाढले. यांनी काढलेला नकाशा बरोबर आहे, पण तो पाहुण्याचा नकाशा आहे. पुढची बाजू सगळी आहे, मागे नुसती भिंत. मागे आमचं बिऱ्हाड होतं. स्वयंपाकघराला धुराडं होतं, तांबड्या विटांचं, जरासं तिरकं. बाबा दर वर्षी सरळ करून घ्यायचे म्हणायचे. तेवढं घाल.

आता मुख्य. हे तुला किरकोळ म्हणाले, ते तसं नाही. उजव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय. डावा डोळा तर दोन वर्षांपूर्वीच गेल्यात जमा आहे, तेही तुला सांगितलेलं नाही. म्हणजे जी काही भिस्त आहे ती या एकावरच. बारा फेब्रुवारीला शस्त्रक्रिया. डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. जमेल किंवा नाही जमणार, म्हणाले. हे रोज टेबलापाशी जाऊन डोळा अगदी डब्याला लावून बसतात. त्याआधी स्टेशन उभं दिसावं, एवढंच यांच्या मनात आहे. म्हणून ती घाई.

हे मी तुला कळवलं असं यांना कळू देऊ नकोस. नाहीतर पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे गणिताच्या मास्तरांसारखं बघतील. तशी सवय आहे, पण आता नको.

मामी

---

६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पेटी आज टपालात टाकली. काउंटरवरच्या माणसाने "नाजूक" असा शिक्का मारला, मी त्याला अजून दोन बाजूंना मारायला लावला, मग त्याने शिक्का माझ्याच हातात दिला.

स्टेशन, मालधक्का, टाकी, तिन्ही कापसात आहेत. कौलं एकेक केलेली नाहीत, पट्ट्यांनी केली आहेत, पण पट्टीवर प्रत्येक कौलाची रेघ आहे. खिडक्यांची तावदानं म्हणजे क्ष-किरणाची धुतलेली फिल्म. तिकिटाच्या खिडकीचा लाकडी काठ मधोमध झिजवला आहे, लोक कोपरं टेकत असतील म्हणून. मागे धुराडं आहे. ते कुठून आलं विचारू नका, मला आपलं वाटलं.

दोन भिंती फेकल्या. एकीत बुडबुडा होता. बाई म्हणाल्या, "दिसत नाहीये गं." मी म्हटलं, मला माहीत आहे ना.

तुम्ही चष्मा बदलण्याआधी एकदा बघावं असं वाटतं. म्हणजे नंतरही बघालच. म्हणजे आधी किंवा नंतर, कधीही.

मुंगी

---

१२ फेब्रुवारी

बाळ,

रुग्णालयातून लिहिते आहे. तारीख अलीकडे आली. सात तारखेला सकाळी यांना त्या डोळ्यापुढे काळा पडदा ओढल्यासारखं झालं. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, असाल तसे निघा. कसेबसे पोचलो. दुसऱ्या दिवशी डोळा केला. तुझी पेटी आम्ही घरातून निघालो तेव्हा आलीच नव्हती. शेजारच्या शिंपीणबाईंच्या मुलाने काल भेटायला येताना ती इथे आणून दिली. ती मी कॉटखाली ठेवली आहे. उघडलेली नाही. आता उघडून कोणाला दाखवू?

हे पालथे झोपलेत. डॉक्टरांनी आत हवा भरलीय, ती पडद्याला दाबून धरते म्हणे, म्हणून मान खालीच ठेवायची. जेवण तसंच, बोलणं तसंच. वर पट्टी. परिचारिकेने विचारलं, काही त्रास? तर म्हणाले, "नाही, जमिनीचा अभ्यास चाललाय." ती हसली. मला हसू येईना.

डोळ्याचं काय झालं ते पट्टी काढल्यावर कळेल, तेही हळूहळू. तू पेटीबरोबर पाठवलेलं पत्र यांना वाचून दाखवलं. "आधी किंवा नंतर, कधीही" इथे थांबवलं मला. मग म्हणाले, "म्हणजे तू तिला सांगितलंस." मी यांची उशी नीट केली. एवढ्यावर सुटले.

आत नेण्यापूर्वी यांचे खिसे रिकामे करायला लावले, तेव्हा चष्म्याच्या घरात सोबतचा बाहुला सापडला. स्टेशनमास्तर आहे. तुझ्या पहिल्या पाकिटात रुळाबरोबर घालायचा होता म्हणे, राहून गेला. इथे हरवेल म्हणून तुझ्याकडे पाठवते. टोपी बघ, बाबांसारखीच आहे.

घरच्याच पत्त्यावर लिही. टपाल शिंपीणबाई घेऊन ठेवतात.

मामी

---

१७ फेब्रुवारी

मामी,

पेटी उघडू नकोस. उघडली असशील तर बंद कर. मामांना काही सांगू नकोस.

मास्तर मिळाले. माझ्याकडे दाराचं एक जास्तीचं पान राहिलं होतं, चौकटीसकट. ते मेजावर उभं केलं आणि त्यांना पुढे ठेवलं. चौकट त्यांच्या कमरेशी येते. आधी वाटलं बाहुला दुसऱ्या कुठल्या खेळातला असेल. मग मी मामांचं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. ते लिहितात, "छोटी गाडी." मी आयुष्यभर समजत आले की छोटी म्हणजे कमी डब्यांची, हळू चालणारी. ती गाडी कधी पाहिलीच नव्हती ना. इथल्या ग्रंथालयात जाऊन बघितलं. तिचे रूळच अरुंद होते, मोठ्या गाडीच्या जेमतेम निम्म्या रुंदीचे. आणि मी फाटकावर जाऊन मोठ्या गाडीचे रूळ मोजून आले. त्यावरून एकास एकशेनव्वद असं प्रमाण काढलं. हवं होतं एकास सत्त्याऐंशी. भागाकार बरोबर आहे, दोनदा करून पाहिलाय. भागलं तेच चुकीचं.

म्हणजे सगळं स्टेशन जवळपास निम्मं झालं आहे. मामांच्या गाडीतून उतरणारा माणूस त्या दारातून रांगत आत जाईल.

मला विचारता आलं असतं. पाकिटात फक्त रूळ आहे, अजून काही हवं होतं का, एवढंच. पण लहानपणी मी "प्रश्न कळला नाही" असं लिहिलं की उत्तरात एकच ओळ यायची, "प्रश्न पुन्हा वाच." मी पुन्हा वाचायचे आणि कळायचा. म्हणून यावेळीही पुन्हा वाचत बसले.

इथे कवळी केसभर चुकली तर माणसाच्या हिरडीला लागतं आणि तो तीच घेऊन परत येतो. मामांनी आधी बघितलं नाही हे बरं झालं असं मनात आलं, आणि मग असं मनात आलं म्हणून मला माझीच लाज वाटली. आणि डोळा बरा झाला आणि पहिलं दिसलं ते हे, तर?

मी नवीन करायला घेतलं आहे. भिंतीचा साचा कालच केला. तोवर पेटी कपाटावर ठेव आणि मी पाठवलीच नाही असं सांग. नाही, खोटं नको. टपालात मोडलं म्हण. तेही खोटंच. काय सांगायचं ते तूच ठरव.

मुंगी

---

२५ फेब्रुवारी

मामी,

तुझं काही पत्र नाही. घरचा फोन वाजून बंद होतो. आई म्हणते, वाईट बातमी चालत नाही, पळत येते, तेव्हा गप्प बस. आईला मी हिशोब चुकल्याचं सांगितलेलं नाही, फक्त स्टेशन लहान झालं एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "लहान तर लहान, दिसतं ना?" तिला कसं समजावू.

डोळ्याचं काय झालं?

नव्या स्टेशनच्या तीन भिंती झाल्या. धुराड्याची वीट न वीट मोठी केली आहे. तिरकं किती होतं, आणि कुठल्या बाजूला?

मुंगी

---

१ मार्च

मुंगे,

अक्षर मोठं आहे, समजून घे. हे माझं स्वतःचं. कागद नाकापाशी नाही, हात लांब करून धरलाय.

दिसतंय.

परवा रुग्णालयातून घरी आलो. अजून कडांना पाण्यासारखं हलतं, पण दिवसागणिक निवळेल म्हणतात. एकच डोळा, तोही इतके दिवस झाकलेला, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो. काल पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं. तुझ्या मामीने फडकं आणलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलत नाही म्हणजे फार आनंदात आहे.

मामीने हाक मारेपर्यंत दारातल्या खुर्चीवर बसावं लागलं, मग टेबलाच्या खोलीत गेलो. स्टेशन उभं होतं. दगड ओबडधोबड, कौलं ओळीत, तिकिटाची खिडकी मधोमध झिजलेली. आणि मागे धुराडं, जे मी कधी पाहिलंच नव्हतं असं आता लक्षात येतं. मी दारातच उभा राहिलो. गाडी पूल ओलांडून वळणावर येते तिथून पहिल्यांदा स्टेशन दिसायचं. हुबेहूब तसं. छान झालंय. फार छान झालंय.

एकच शंका. टेबल केव्हा वाढवलं? मामीला विचारलं तर म्हणते, कुठलं टेबल.

मामा

---

५ मार्च

मामी,

मामांचं पत्र आलं. "दिसतंय" हा शब्द मी बाईंना दाखवला, आमच्या दाढा घासणाऱ्या दादांना दाखवला, आणि घरी येताना फाटकवाल्यालाही दाखवणार होते, पण गाडी येत होती. आई रडली आणि मग मलाच रागावली की मी रडले नाही.

पण मला खरं सांग. तू माझी पत्रं वाचलीस आणि मामांना सांगितलंस ना? कारण मामांनी "छान" लिहिलं आहे. दोनदा. मला आठवतंय तेव्हापासून मामांनी कधी छान म्हटलेलं नाही. सगळी गणितं बरोबर आली की फक्त "पुढे" असं लिहायचे. आईने पहिल्यांदा माझं अक्षर दाखवलं तेव्हा म्हणाले होते, वाचता येतं. आणि आता एकदम छान. म्हणजे एकतर ते माझी समजूत घालताहेत, नाहीतर डोळ्याने काही धड दिसत नाही आणि तेही ते लपवताहेत. यांपैकी कुठलं वाईट ते मला ठरवता येत नाही.

गणिताच्या मास्तरांना स्टेशन निम्मं आहे हे दिसत नाही, असं होईल का? इंजीन शेजारी असताना?

खरं काय ते लिही. मला सोसेल. नाही सोसलं तरी लिही.

मुंगी

---

९ मार्च

बाळ,

आधी श्वास घे.

तुझी दोन्ही पत्रं शिंपीणबाईंनी दोन तारखेला आणून दिली. यांचं पत्र त्याआधीच टपालात पडलं होतं. म्हणजे हे "छान" म्हणाले तेव्हा यांना किंवा मला कशाचा पत्ता नव्हता.

झालं ते असं. घरी आलो तेव्हा यांना दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही. पेटी उघडली. स्टेशन हातात घेतलं आणि आधी तिकिटाच्या खिडकीवर बोट फिरवलं. काठाला कोपरं टेकून टेकून पडलेला खळगा तू कसा काढलास कोण जाणे. मग रुळाशेजारी ठेवून पाहिलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण गाडी खिडकीतून आत वाकून बघेल असं दिसलं. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल, आणि ते उचलून मागे भिंतीला टेकवून ठेवलं, डोंगराच्या कडेला. तिथे बरं दिसलं. शिवाय यांचा हात सध्या कुठेही जातो, तेवढं लांब बरं.

हे आले, आणि त्यांनी तुला लिहिलं तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "टेबल कधी वाढवलंस?" मी म्हटलं, कुठलं टेबल. मला वाटलं, डोळ्याबरोबर डोकंही हललं. म्हणाले, "अगं, स्टेशन चांगलं हातभर मागे गेलंय." तुला पत्र टाकल्यावर पुन्हा तिथे गेले आणि जवळून बघायला पुढे वाकून हात लांब केला. यांच्या हिशोबाने स्टेशन अजून बरंच लांब होतं. यांची बोटं थाडकन धुराड्यावर. ते कौलांवरून निघालं आणि त्याचे दोन तुकडे झाले. कापसात गुंडाळून सोबत पाठवते आहे, तुला पुरावा हवा असणार हे मला माहीत आहे.

आता समजूत घालायची असती तर यांनी धुराडं मोडलं असतं का?

तुझी पत्रं मी यांना वाचून दाखवली. रांगत जाणाऱ्या माणसापाशी यांना हसू आवरेना. डॉक्टरांनी जोराने हसायचं नाही म्हणून बजावलंय, म्हणून तोंडावर उशी धरून हसले. मग उशी बाजूला ठेवली. एका डोळ्याला लहान आणि लांब यातला फरक कळत नाही, हे यांनी मला पेल्याशेजारी दोन बुचं ठेवून समजावलं. मी म्हटलं, बरं. यांना कोणीतरी विद्यार्थी हवा होता.

एक माझं. मी त्या स्टेशनवरून शेवटची निघाले ती यांच्याशी लग्न झाल्यावर. गाडी वळणावर गेली तसं मी मागे वळून पाहिलं. बाबा फलाटावर होते ते दिसेनासे झाले, मग फलाट, मग शेवटी कौलांवर तेवढं तिरकं धुराडं राहिलं. पुढे रूळ काढले, इमारतही पाडली. परत कधी बघणं झालं नाही. म्हणजे माझ्याकडे जे आहे ते तेवढंच आहे, एवढंसं. तेवढंच तू करून दिलंस, चुकून का असेना.

धुराडं उजवीकडे झुकलेलं होतं. फलाटावरून बघताना डावीकडे. किती ते बोटाने दाखवता येईल, पत्रात नाही.

मामी

---

२० मार्च

प्रिय मामा,

तुटलेली वस्तू बघून एवढं हायसं कुणाला वाटलं असेल असं मला नाही वाटत. मी ते धुराडं प्रयोगशाळेत भिंगाखाली धरून पाहिलं. तुकडा वरून खाली नाही, समोरून मागे मोडला आहे. म्हणजे हात खरंच समोरून आला, आणि जोरात. पुढे कितीतरी जागा आहे असं समजणाऱ्याचाच हात असा येईल. बाईंनी विचारलं, कुणाचा दात? मी म्हटलं, मामांच्या सासऱ्यांच्या घराचा.

त्या रात्री मी नीट झोपले. सकाळी उठल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, काळजी.

आता काम दाखवते, उत्तर नंतर. दिलेलं: रुळाचा तुकडा. गृहीत धरलेलं: खरे रूळ मोठ्या गाडीचे. तपासलेलं: रुळांची रुंदी, भागाकार, प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी. न तपासलेलं: गृहीत. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही. हिरवी पेन्सिल चालवा.

नव्या पेटीत नवं स्टेशन आहे, एकास सत्त्याऐंशी. दाराशी मास्तरांना उभं करून पाहिलं, मगच रंग दिला. ते पेटीतच आहेत, वेगळ्या कापसात. जुनं धुराडंही चिकटवून पाठवते आहे. ते मामीचं, मागच्या स्टेशनसाठी. त्याचा सांधा दिसेल. मी तो झाकू शकले असते, पण मग तो मोडला होता हे कुणाला कळलं नसतं. नव्याचं धुराडं मामीने सांगितलं त्या बाजूला झुकवलं आहे, किती ते अंदाजाने. अंदाजाने केलेली माझी ही पहिलीच गोष्ट.

आणि एक. छान म्हणायची सवय लागली असेल तर मोडू नका, पण अधूनमधून "पुढे" लिहीत जा. नाहीतर मला घाबरायला होतं.

मुंगी

---

२९ मार्च

मुंगे,

पत्र हिरव्या पेन्सिलीने तपासून परत पाठवतो आहे. भागाकार बरोबर. रीत बरोबर. गृहीताला गोल केला आहे, त्याचे गुण मात्र कापलेले नाहीत. प्रश्नात दोन वस्तू द्यायच्या होत्या, घालणाऱ्याने एकच दिली आणि दुसरी चष्म्याच्या घरात घेऊन फिरला. अपुऱ्या प्रश्नाचे पूर्ण गुण देतात, हा आमच्या शाळेतला नियम. आणि प्रश्न कळला नाही तर यापुढे विचार. पुन्हा वाचून फक्त डोळे दुखतात, हे मला हल्लीच कळलंय.

नवं स्टेशन रुळाला लागून बसवलं. गाडी पहिल्यांदाच कुठेतरी थांबली. दोन्ही डबे फलाटासमोर बरोबर आले, तू मालधक्क्याची लांबीदेखील विसरली नाहीस. डोळा रोज निवळतो आहे. काल मधल्या भिंतीतला एक दगड उलटा कोरलेला दिसला. कुठला ते सांगत नाही, म्हणजे तू झोपशील.

जुनं स्टेशन मागेच आहे. एकाच टेबलावर एकच स्टेशन दोनदा, हे कुठल्याही नियमात बसत नाही. मी तसं म्हटलं. पण या घरात मतदान झालं की माझं एक मत पडतं आणि हिची सगळी.

पुढे.

मामा

ता. क. हे आता मी लिहिते आहे, हे डोळ्यात थेंब घालून आडवे आहेत. तू चिकटवून पाठवलेलं धुराडं मागच्या कौलांवर बसवलंय. सांधा दिसतो, दिसू दे. टेबल राहू दे म्हणून मीच सांगितलं. मांडीवर ताट घेऊन जेवायची सवय झाली आहे आणि इथे बसलं की वळण समोर येतं. मास्तरांना दारात उभं केलंय. टोपी चौकटीला लागत नाही, केसभर जागा राहते. खरं तर बाबांची लागायची. ते उंच होते, दर वेळी वाकून यायचे. हे तुला कळवायचं नाही म्हणून आतून ओरडा चाललाय, तू पुन्हा दार करायला घेशील म्हणून.

घेऊ नकोस. त्यांना एकदा सरळ आत जाऊ दे.

मामी